नदी समाज घडविते काय?

मानवी संस्कृति नद्यांच्या कांठीं जन्मास आली, हें वाक्य शाळेंतील मुलापासून व्याख्यानमालेच्या अध्यक्षापर्यंत सर्वांच्या तोंडीं इतकें बसून गेलें आहे कीं, त्याचा अर्थ काय हें विचारण्याची आतां कोणास गरज वाटत नाहीं. नाईल होती म्हणून इजिप्त झालें, टायग्रिस व युफ्रेटिस होत्या म्हणून बाबिलोन झालें, सिंधु होती म्हणून मोहेंजोदारो झालें. आणि याच चालीवर, कृष्णा-गोदा आहेत म्हणून आम्ही आहों. वाक्य खोटें नाहीं. परंतु अर्धें खरें वाक्य पुष्कळदां पुऱ्या खोट्याहून अधिक अनर्थ करतें. कारण पुरें खोटें केव्हां ना केव्हां पकडलें जातें, अर्ध्या खऱ्याला मात्र कोणी हटकीत नाहीं. नदी समाज घडविते, हें असेंच एक अर्धें खरें वाक्य आहे. आणि त्याच्या आडोशानें आज महाराष्ट्रांत जें चाललें आहे त्याचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या वाक्यास शास्त्राचा पोशाख चढविणारे पंडित पश्चिमेकडे निपजले. मार्क्सनें १८५३ सालीं न्यूयॉर्कच्या एका दैनिकांत हिंदुस्थानविषयीं जे लेख लिहिले, त्यांत असें सुचविलें होतें कीं, पौर्वात्य देशांत कालवे व बंधारे यांवांचून शेती चालत नाहीं, आणि हीं कामें एकट्यादुकट्याच्या आवांक्याबाहेरचीं असल्यामुळें तीं सरकारच्या हातीं गेलीं. त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, १९५७ सालीं, जर्मनींतून अमेरिकेंत जाऊन स्थायिक झालेल्या कार्ल विटफोगेल यांनीं त्या सूचनेचा विस्तार करून 'ओरिएंटल डेस्पॉटिझम' हा जाडा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची उपपत्ति थोडक्यांत अशी: जेथें पाऊस पुरेसा नाहीं तेथें मोठे कालवे हवेत, मोठे कालवे खणण्यास हजारो मजूर हवेत, हजारो मजुरांवर हुकमत चालविण्यास नोकरशाही हवी, आणि नोकरशाहीच्या शिखरावर एक अनियंत्रित सत्ताधीश हवाच. म्हणून पूर्वेकडील देशांच्या कपाळीं जुलमी राजसत्ता लिहिलेली.

ही उपपत्ति आम्हींहि पंचवीस वर्षें वर्गांत शिकविली, हें येथें कबूल केलें पाहिजे. शिकविण्यास ती फार सोयीची आहे. फळ्यावर चार बाण काढले कीं तीन हजार वर्षांचा इतिहास तासाच्या आंत आटोपतो: पाऊस कमी म्हणून कालवा, कालवा म्हणून कारकून, कारकून म्हणून बादशहा. या साखळींत माणसानें कोठें कांहीं ठरविलें असें दिसतच नाहीं. सर्व कांहीं ढगांनीं ठरविलें. बादशहाहि निर्दोष आणि त्यास सलाम करणारी प्रजाहि निर्दोष.

ही उपपत्ति ग्रंथालयांत धूळ खात पडली असती तर तिच्यासाठीं लेखणी झिजविण्याचें कारण नव्हतें. परंतु ती वेष पालटून आमच्या सार्वजनिक जीवनांत वावरत आहे. पाणी हा तज्ज्ञांचा व सरकारचा विषय, त्यांतलें गांवकऱ्यांस काय कळणार. धरण जेवढें मोठें तेवढा उत्कर्ष मोठा. टंचाई आली तर दोष ढगांचा, आणि टंचाई टळली तर यश मंत्र्यांचें: हीं सर्व त्याच उपपत्तीचीं नातवंडें आहेत. आणि त्यांस अंगाखांद्यावर खेळविण्यांत आमचा सुशिक्षित वर्ग सर्वांच्या पुढें आहे.

प्रथम ज्या देशांच्या नांवानें ही उपपत्ति उभी केली, त्यांचीच साक्ष घेऊं. रॉबर्ट मॅकॉर्मिक ॲडम्स या अमेरिकन पुराणवस्तुसंशोधकांनीं दक्षिण इराकच्या मैदानांत वर्षानुवर्षें हिंडून जुन्या वसाहतींच्या व बुजलेल्या कालव्यांच्या खुणा नोंदविल्या. त्यांतून निष्पन्न झालें तें हें कीं, शहरें आणि राजसत्ता आधीं उदयास आल्या. विस्तीर्ण कालवे मागाहून आले. आरंभींचे पाट लहान होते व ते स्थानिक लोकांच्याच हातचे होते. कार्ल बुट्झर यांनीं १९७६ सालीं इजिप्तविषयीं असेंच दाखविलें. नाईलचा पूर आपोआप कांठच्या सखल भागांत शिरे. तो बांध घालून अडविण्याचें व वेळीं सोडण्याचें काम त्या त्या भागांतील लोक करीत. सर्व नदीचें पाणी एका दप्तरांतून हलविणारा कारभार प्राचीन इजिप्तांत आढळत नाहीं. म्हणजे ज्यास बाप म्हटलें तें पोर निघालें.

बाबिलोनचा हम्मुराबी हा तर सत्ताधीशांचा नमुनाच. त्यानें सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वीं दगडावर जे कायदे कोरविले, त्यांत एक कायदा पाण्याच्या बांधाविषयीं आहे. ज्या शेतकऱ्यानें आपला बांध मजबूत ठेवण्यांत आळस केला आणि त्या भगदाडांतून शेजाऱ्यांचीं शेतें बुडालीं, त्यानें बुडालेल्या धान्याची भरपाई करावी. तेवढी ऐपत नसेल तर त्यास व त्याच्या चीजवस्तूस विकून तें द्रव्य नुकसान झालेल्या शेतकऱ्यांत वांटावें. शिक्षा कठोर आहे खरी. परंतु बांध राखण्याचें कर्तव्य बादशहाच्या कारकुनाचें नसून शेतकऱ्याचें, आणि भरपाई खजिन्यांत न जातां शेजाऱ्याच्या घरीं जावयाची, ही त्यांतील खरी गोष्ट आहे. शेजाऱ्यानें शेजाऱ्याशीं कसें वागावें हाच तेथेंहि पाण्याचा मुख्य प्रश्न होता.

हे दाखले फार पुरातन वाटत असतील तर आजचे घ्या. स्पेन देशांत व्हॅलेन्सिया शहरीं दर गुरुवारीं दुपारीं बाराच्या ठोक्यास मुख्य चर्चच्या दाराशीं आठ शेतकरी काळे डगले घालून बसतात. हे आठ कालव्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधि. पाण्याची चोरी, पाळी चुकविणें, पाट न उपसणें, असल्या तक्रारी ते तोंडी ऐकतात आणि तेथल्या तेथें निकाल देतात. या पंचायतीचें मूळ अरबी अमदानीपर्यंत मागें नेतात. अरब गेले, राजे आले, फ्रँको हुकूमशहा आला आणि गेला. पाणी तेंच आणि पंचहि तेच. पाण्यानें राज्यपद्धति ठरत असती तर एकाच पाण्यावर इतक्या तऱ्हांचीं राज्यें कशीं नांदलीं, याचें उत्तर विटफोगेलपंथीयांनीं द्यावें.

बालीद्वीपांतील गोष्ट याहून बोधप्रद आहे. तेथें भातशेतीच्या पाण्याचा कारभार 'सुबक' नांवाच्या शेतकरी-मंडळांकडे, आणि अनेक सुबकांचा मेळ जलदेवतांच्या मंदिरांतून घालावयाचा, अशी शेंकडों वर्षांची रीत आहे. कोणी केव्हां लावणी करावी आणि कोणी केव्हां शेत कोरडें ठेवावें हें तेथें ठरतें. १९७० नंतरच्या दशकांत सरकारी तज्ज्ञांनीं फर्मान काढलें कीं, देवळाचें पंचांग बाजूस ठेवा आणि जितकीं पिकें घेववतील तितकीं घ्या. प्रत्येकजण आपल्या सोयीनें पाणी घेऊं लागला; शेतें कधीं एकाच वेळीं कोरडीं राहीनात; कीड एका शेतांतून दुसऱ्या शेतांत सुखानें नांदूं लागली आणि पिकें बुडालीं. स्टीफन लान्सिंग यांनीं पुढें गणित मांडून दाखविलें कीं, देवळाच्या जुन्या वेळापत्रकांत पाणी आणि कीड या दोहोंचाहि हिशेब होता. अडाणी म्हणून ज्यांस हटविलें त्यांचीच रीत तज्ज्ञांस शेवटीं मान्य करावी लागली.

आतां घरचा दाखला. धुळें व नाशिक जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर जी फडपद्धति चालत आली, ती तीनशें वर्षांहून जुनी मानली जाते. आमच्या किती वाचकांनीं तिचें नांव ऐकलें आहे? नदीवर दगडी बंधारा घालावा, त्यांतून पाट काढावा, आणि पाटाखालील सर्व जमिनीचे बहुधा चार मोठे भाग पाडावे. या प्रत्येक भागास फड म्हणतात. एका हंगामांत एका फडांत एकच पीक: एकांत ऊंस असेल तर दुसऱ्यांत गहूं, तिसऱ्यांत दुसरें कांहीं, आणि दरवर्षीं पिकांची फेरपालट. यांतील मर्म असें कीं, शेतकऱ्याची जमीन एकाच फडांत नसे. बहुतेकांचा थोडा थोडा तुकडा प्रत्येक फडांत असे. त्यामुळें पाटाच्या मुखाशीं बसलेला शेतकरी आणि शेपटाशीं बसलेला शेतकरी अशा दोन जाती तेथें निर्माणच होत नसत. जो मुखाशीं तोच शेपटाशीं. पाऊस कमी झाला तर पंच मिळून एखादा फड त्या वर्षीं पाण्यावांचून ठेवीत, आणि ती तूट सर्वांच्या अंगावर सारखी पडे. पाणी वांटण्यास पाटकरी, पीक राखण्यास जागल्या. यांचें वेतन शेतकरी मिळून देत, आणि पाट उपसण्याचें कामहि मिळून करीत. बंधारा बांधण्यास कोठें राजाचें किंवा जहागीरदाराचें द्रव्य लागलें असेल; परंतु मोंगल जाऊन पेशवे आले आणि पेशवे जाऊन इंग्रज आले, तरी पाटकऱ्याचा मालक गांवच राहिला.

मग हें बिघडलें कोठें? इंग्रज सरकारनें खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें केलें, आणि त्याच वर्षीं मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला. कालवा सरकारचा, पाणी सरकारचें, आणि शेतकरी हा पाणीपट्टी देणारा अर्जदार, असें नवें नातें त्या कायद्यानें उभें केलें. दुष्काळनिवारणासाठीं म्हणून कालवे काढले. परंतु पाऊस बरा झाला कीं ज्वारीवाला पाणी घेईना, आणि पट्टी वसूल होईना. तेव्हां बारमाही पाणी पिणारा व रोख पट्टी देणारा ऊंस हाच खात्याचा लाडका झाला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत या खात्याच्या कारभारावर कडक आसूड ओढला आणि गांवोगांव ताली-बंधारे घालून पावसाचें पाणी शेतांतच जिरवावें असें सुचविलें. परंतु तिकडे लक्ष देण्यास खात्यास सवड नव्हती. विश्वेश्वरय्या यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं नीरेच्या कालव्यावर गट पाडून उंसास मर्यादा घालण्याची योजना आणली. तिचा हेतु पाणी अधिक गांवांत पोंचावें हाच होता. ती मर्यादाहि पुढें उंसानें ओलांडली. १९५०च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तो खरोखर अभिमानाचा प्रसंग होता. परंतु पुढच्या पिढ्यांनीं एक गोष्ट सोयिस्करपणें विसरली: साखर सहकारी झाली, पाणी सहकारी झालें नाहीं. आज ऊंस महाराष्ट्राच्या लागवडीच्या जमिनींपैकीं शेंकडा पांच-सहांहून फारशी अधिक व्यापीत नाहीं. आणि सिंचनाच्या पाण्यापैकीं निम्म्याहून अधिक तोच पितो.

याचें फळ काय, तें १२ एप्रिल २०१६ रोजीं सर्व देशानें पाहिलें. त्या दिवशीं मिरजेहून कृष्णेचें पाणी भरून दहा वाघिणींची आगगाडी लातुरास पोंचली. तींत पांच लाख लिटर पाणी होतें. त्यापूर्वीं त्या शहरांत पाणवठ्यांवर दंगा होऊं नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. आणि त्याच हंगामांत मराठवाड्यांतील कारखान्यांनीं उंसाचें गाळपहि केलें होतें. वृत्तपत्रांनीं आगगाडीचीं छायाचित्रें छापलीं, आम्हीं तीं पाहून हळहळलों, आणि म्हटलें, काय करणार, पाऊसच नाहीं!

हा पूर्वपक्ष इतका लोकप्रिय आहे कीं त्याचें निरसन केलेंच पाहिजे. त्या वर्षीं पाऊस कमी होता, यांत शंका नाहीं. परंतु लातुरास सरासरीनें पडणारा पाऊस धुळ्याच्या पावसाहून कमी नाहीं. ज्या धुळें जिल्ह्यांत पाऊस अधिक तुटपुंजा, तेथेंच फडांची वांटणी जन्मास आली आणि शतकानुशतकें टिकली; जेथें त्याहून बरा, तेथें आगगाडी आणावी लागली. तेव्हां फरक ढगांत नाहीं, हें उघड आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच बाजूच्या मित्रांकडून येतो. त्यांचें म्हणणें असें कीं, जुनें गांव परत आणा म्हणजे सर्व सुरळीत होईल. या मित्रांस आम्ही महाडच्या चवदार तळ्याची आठवण देतों. मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे केले. महाडच्या नगरपालिकेनें त्याला अनुसरून आपलें तळें खुलें असल्याचें जाहीर केलें. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर हजारों अनुयायांसह तेथील पाणी प्याले तेव्हां त्यांच्या लोकांवर मार पडला, आणि तळें गोमूत्र-शेणानें 'शुद्ध' करण्यांत आलें. जनावरें तेथें पाणी पीत, त्यास कोणाची हरकत नव्हती! तो हक्क उच्च न्यायालयांत कायम होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. तळ्यांत पाण्याची टंचाई नव्हती. टंचाई माणुसकीची होती. फडपद्धतींतहि ज्याला जमीन नाहीं त्याला पाणी नव्हतें, हें आम्ही लपवीत नाहीं. जुन्या गांवाजवळ वांटणीची कला होती. वांटणी कोणाकोणांत करावयाची, याविषयींची त्याची दृष्टि मात्र आंखूड होती.

ही दृष्टि विस्तारतां येते हेंहि महाराष्ट्रांतच सिद्ध झालें आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत नायगांवीं पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम शाळेंतल्या मुलासहि समजतील: पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणशीं द्यावें, माणशीं अर्धा एकर, आणि कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं, ऊंस लावावयाचा नाहीं, भूमिहीनासहि पाण्याचा वांटा, आणि जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाहीं. फडांतील समभाग आणि चवदार तळ्याचा धडा या दोहोंचा मेळ या पांच नियमांत आहे. आम्हीं या योजनेस पारितोषिकें दिलीं, तिच्यावर प्रबंध लिहिले, आणि तिचे नियम कोणत्याहि मोठ्या कालव्यास लागूं न देण्याची खबरदारी घेतली.

२००५ सालीं राज्यानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. एकाच खोऱ्यांत वरच्या व खालच्या धरणांनीं तुटीचा भार सारख्या प्रमाणांत सोसावा, हें फडांतलें तत्त्व त्यांत लिहिलें गेलें. परंतु तुटीचें वर्ष आलें आणि नाशिक-नगरच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीसाठीं पाणी सोडण्याची वेळ आली कीं मोर्चे निघतात, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत जातें, आणि एकाच गोदावरीचें पाणी पिणारे एकमेकांस परके म्हणूं लागतात. कायद्यानें फडाचा नियम उचलला. फडाचें बंधन मात्र त्यास उचलतां आलें नाहीं. फडांत मुखाशीं बसलेल्याचा तुकडा शेपटाशींहि होता, म्हणून त्यास शेपटाची तहान कळे. आमच्या खोऱ्यांत वरच्याचें खालीं कांहीं नाहीं.

आणि आम्ही शहरवासी? आम्ही तर सर्वांच्या वर, नळाच्या मुखाशीं बसलेले. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या वसाहतीच्या सभेंत पाण्याच्या टँकरच्या दरावर तासभर वाद झाला. हिशेब तपासले, दुसऱ्या पुरवठादाराचे भाव मागविले, सर्व कांहीं यथासांग झालें. तो टँकर कोणत्या गांवच्या विहिरीवर भरतो, आणि तेथील बायकांस त्या दिवशीं पाणी मिळालें कीं नाहीं, हा प्रश्न एकानेंहि विचारला नाहीं. सभेंत आम्हीहि होतों, आणि आम्हींहि विचारला नाहीं. पंचवीस वर्षें नद्या व संस्कृति यांवर व्याख्यानें दिलेल्या माणसाची ही कथा. मग इतरांस बोल कोणत्या तोंडानें लावावा?

नदी समाज घडविते काय, या प्रश्नाचें आमचें उत्तर आतां वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. नदी पाणी देते. तें वांटतांना समाज आपल्यास घडवितो किंवा बिघडवितो. म्हणून यापुढें कोणी धरणाचा, नदीजोडणीचा किंवा साध्या नळाचा मनोरा आमच्यापुढें मांडला, तर पाणी किती हें विचारण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: शेपटाशीं कोण आहे, ज्याला जमीन नाहीं त्याचा वांटा कोणता, आणि तुटीच्या वर्षीं कोणाचा फड कोरडा राहणार. या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर, नांवगांवासकट मिळेपर्यंत कोणत्याहि योजनेस मान डोलवूं नये. आणि टँकर मागविण्यापूर्वीं तो कोठून येतो हें पाहून यावें. एवढें न करतां नदीला दोष देण्याचा किंवा तिची आरती करण्याचा, दोहोंचाहि अधिकार आम्हांस नाहीं.